आनापानसति आणि नित्याचे अधिट्ठान



समितीच्या स्मरणिकेसाठी 'ध्यानाविषयी काहीतरी लिहा' असा निरोप आला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही काही भन्ते नाही, आचार्य नाही, पालीचे पंडित तर नाहीच नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत क्लार्क-कम-कॅशियर म्हणून लागलो आणि चाळिशी उलटली तरी काउंटरच्या त्याच बाजूला बसलेलो आहोत. परंतु समितीतील वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे पडले की, ध्यानाचे महत्त्व सांगणारे पुष्कळ आहेत. ते रोज करू गेल्यास कोठे अडते हे सांगणारे थोडे. हे म्हणणे आम्हाला पटले, म्हणून हा अभ्यासलेख. यात ग्रंथातले जेवढे आहे तेवढेच अनुभवातले आहे, आणि अनुभवात फजितीचा भाग मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शब्द आणि सुत्त

'आन' म्हणजे आत येणारा श्वास, 'अपान' म्हणजे बाहेर जाणारा श्वास आणि 'सति' म्हणजे स्मृती. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचे स्मरण ठेवणे म्हणजे आनापानसति. मज्झिम निकायातील ११८ वे सुत्त याच नावाचे आहे. श्रावस्तीला मिगारमाता विशाखेच्या पूर्वाराम विहारात, वर्षावास संपल्यावर आणखी एक महिना मुद्दाम थांबून, कार्तिक पौर्णिमेच्या रात्री तथागतांनी भिक्षुसंघाला हा उपदेश केला. त्यात सोळा पायऱ्या आहेत. चार पायऱ्यांचा एक गट, असे चार गट. आणि हे चार गट काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार स्मृतिप्रस्थानांशी जोडलेले आहेत. सोळाही पायऱ्यांवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. पहिल्या दोनच घेऊ. श्वास लांब असेल तर तो लांब आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे. एवढेच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या ओळखीचे पुष्कळ लोक याला प्राणायाम समजतात आणि नाक दाबून बसतात. प्राणायामात श्वास आत ओढायचा, कोंडायचा, सोडायचा असतो. म्हणजे श्वासावर काहीतरी करायचे असते. आनापानसतित श्वासाला हात लावायचा नसतो. तो जसा येईल तसा येऊ द्यायचा. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर, खात्यात जमा काय झाले आणि नावे काय पडले हे नोंदवणे एवढेच कारकुनाचे काम. रक्कम वाढवणे-कमी करणे हे त्याचे काम नव्हे.

'स्मृती' या शब्दाविषयीही थोडे सांगावेसे वाटते. आपल्या समाजाच्या कानाला हा शब्द गोड लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी स्मृती जाळली गेली, ती आठवते. परंतु पालीतील सति ही कोणी कोणासाठी लिहून ठेवलेली आज्ञा नाही. ती ज्याची त्याने, त्या क्षणी, स्वतःच्या आत ठेवायची आठवण आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृतीचा अर्थ सांगताना मनाचा अखंड जागेपणा आणि दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा, असाच आशय मांडला आहे. हा 'पहारा' शब्द आम्हाला फार उपयोगी पडला. पुढे तो पुन्हा येईल.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, असे डॉक्टर मंडळी सांगतात. मिनिटाला १५ धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. एवढे व्यवहार रोज होतात आणि त्यांपैकी एकाचीही नोंद आमच्याकडे नसते.

नोव्हेंबर २०१६

आता हे सर्व आम्हाला का सुचले ते सांगणे भाग आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्याचे जाहीर झाले. ९ तारखेला बँका बंद होत्या. १० तारखेला उघडल्या तेव्हा शटर वर जाण्याआधीच रस्त्यापर्यंत रांग होती. दुसरा शनिवार नाही, रविवार नाही. नियम दर दोन-चार दिवसांनी बदलत होते. जुन्या नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४,००० होती, मग ४,५०० झाली, आणि १८ तारखेपासून एकदम २,००० वर आली.

त्याच दिवसांत मुळा धरणाच्या बाजूच्या एका गावाहून एक म्हाताऱ्या बाई आमच्या खिडकीवर आल्या. त्यांनी लुगड्याच्या गाठीतून पाचशेच्या नऊ नोटा काढून ठेवल्या. आम्ही सांगितले, "दोनच हजार मिळतील." त्या म्हणाल्या, "आरं बाबा, काल तर साडेचार म्हनत व्हते." आम्ही पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा तेच विचारले. मागून लोक ढकलत होते. आणि आम्ही ओरडलो. काय ओरडलो ते येथे लिहिण्याजोगे नाही. 'कळत नाही का' हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य. बाईंनी नोटा गोळा केल्या. एक खाली पडली, ती वाकून उचलली. "रागावू नको रं लेकरा, चालले मी," असे म्हणून त्या गेल्या. दोन हजारही न बदलता गेल्या, हे आमच्या लक्षात आले तेव्हा आम्ही पुढच्या चौघांचे काम केलेले होते.

त्या रात्री साडेनऊला कॅश टॅली झाली. रुपयाचाही फरक नव्हता.

घरी येऊन नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हटले. शब्द तोंडात होते आणि कानात 'लेकरा' होते. आम्ही लहानपणापासून विहारात जाणारे. आमच्या आजोबांनी बाबासाहेबांचे भाषण ऐकलेले. कचेरीत साहेब कसे खेकसतात, खिडकीच्या पलीकडे गरिबाला कसे उभे करतात, याच्या गोष्टी आम्ही घरातच ऐकलेल्या. आणि आता खिडकीच्या अलीकडे बसून खेकसणारे आम्हीच होतो. पुढे २४ नोव्हेंबरला नोटा बदलून देणे बंद झाले. तोपर्यंत रोज रांगेत त्या बाईंना शोधत होतो. त्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

वरचेवर एकच प्रश्न मनात येई. त्यांचे बोलणे आणि आमचे ओरडणे यांच्यामध्ये काही क्षण गेले असतीलच. त्या क्षणांत आम्ही कोठे होतो? काही आठवत नव्हते. पहारा नव्हता.

संकल्प मोडणे

मे २०१७ मध्ये रजा टाकून आम्ही इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. राहुरीहून संगमनेर, सिन्नर, घोटी असा एस.टी.चा प्रवास. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हे केंद्र १९७६ साली सुरू झाले. श्री. सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) हे ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी १९६९ साली ही साधना घेऊन भारतात आले. शिबिराला फी नाही. पहाटे चारला घंटा, आर्य मौन, आणि पहिले तीन दिवस दुसरे काही नाही, केवळ आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना. पहिल्या दिवशी आमचे गुडघे आणि आमचे मन यांत जास्त कोण ओरडते, याची स्पर्धाच लागली होती.

घरी परतलो तो मोठा संकल्प घेऊन. सकाळी एक तास, सायंकाळी एक तास, आयुष्यभर. सहा आठवडे तो चालला. मग घरात लग्न निघाले, पाठोपाठ जूनअखेरची कामे आली. सायंकाळचा तास गेला, मग सकाळचा गेला. येथे आम्हाला एक गोष्ट कळली ती नमूद करतो. नियम मोडला की नियमाची लाज वाटू लागते. आणि लाज वाटली की ज्या कोपऱ्यात बसायचे तिकडे माणूस पाहीनासा होतो. पुढचे सात-आठ महिने आम्ही ती आसनाची घडी कपाटावर ठेवून दिली होती.

उदानात मेघिय भिक्षूची गोष्ट आहे. मेघिय त्या वेळी तथागतांच्या सेवेत होता. किमिकाला नदीच्या काठी त्याला एक सुंदर आंब्याची राई दिसली आणि येथे बसून आपण ध्यान करावे असे त्याला वाटले. तथागत म्हणाले, दुसरा कोणी भिक्षू येईपर्यंत थांब. त्याने तीनदा विचारले आणि शेवटी तो गेला. राईत बसताच कामवासना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार त्याच्यावर तुटून पडले. तो चकित होऊन परत आला. तथागतांनी त्याला दटावले नाही. चित्त परिपक्व व्हायला काय लागते ते सांगितले, आणि त्यात पहिले सांगितले ते कल्याणमित्र. नंतर, विचारांची मालिका तोडण्यासाठी आनापानसति सांगितली. आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा हसू आले. मुळेचा काठ काय आणि किमिकालेचा काठ काय, एकट्याने उत्साहाने बसलेल्या माणसाची गत सगळीकडे सारखीच.

मापाडी आणि गुराखी

आनापानसतिची सर्वांत बारीक चर्चा 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेत तो लिहिला. आपल्या मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती धर्मानंद कोसंबी यांनी संपादिली. १८७६ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून श्रीलंका-ब्रह्मदेशापर्यंत गेला. आपल्या लोकांनी कोसंबी अधिक वाचले पाहिजेत असे आमचे मत आहे.

तर, बुद्धघोष म्हणतात की नवशिक्याने श्वास मोजावेत. पाचापेक्षा कमीवर थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. आणि कसे मोजावेत? आधी धान्य मोजणाऱ्यासारखे. तो माप भरतो, 'एक' म्हणतो आणि ओततो. पुन्हा भरताना त्यात काही काडीकचरा दिसला तर तो उचलून टाकतो, पण टाकतानाही 'एक, एक' म्हणत राहतो. पुढे सवय झाल्यावर गुराख्यासारखे मोजावे. गुराखी पहाटे खिशात खडे घेऊन गोठ्याच्या दाराशी बसतो आणि जी गाय दारात येईल तिचा खडा टाकतो. आत किती उभ्या आहेत, बाहेर गेलेल्या कोठे चरताहेत, हे तो पाहत नाही. दारात आली तीच गाय मोजायची.

आमच्याकडे जुने मापाडी 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून सुरुवात करीत. ज्यांनी खळ्यावर धान्य मोजताना ऐकले असेल त्यांना आठवेल. हे सर्व वाचताना आमच्या डोक्यात मात्र नोटांचे बंडल आले. हाताने शंभराचे बंडल मोजताना साठ-पासष्टच्या दरम्यान कोणी हाक मारली आणि आकडा सुटला, तर कॅशियर काय करतो? पुन्हा एकपासून मोजतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत असे हजारो वेळा झाले असेल. त्याची आम्हाला कधी लाज वाटली नाही, की 'आता हे बंडल मोजायचेच नाही' असे म्हणून आम्ही ते कपाटावर ठेवून दिले नाही. मग श्वासाच्या बाबतीतच आम्ही असे का केले?

मार्च २०१८ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती या हिशेबाने. तास नाही, दहा मिनिटे. सकाळच्या वंदनेला जोडून, कारण वंदना आमच्या घरी कधी चुकत नव्हती. मोजणी एक ते दहा. आकडा सुटला तर एक. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटे. चुकलेल्या दिवसाची थकबाकी भरायची नाही, हा नियम आम्ही फार काटेकोरपणे पाळतो. थकबाकी साठू लागली की खातेदार बँकेत यायचेच बंद करतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार! कॅलेंडरवर बसलेल्या दिवशी खूण करतो. पहिल्या वर्षी खुणांपेक्षा रिकामे चौकोन जास्त होते. अलीकडे उलट झाले आहे, परंतु रिकाम्या चौकोनावाचून एकही महिना अजून गेलेला नाही.

मोजणीबद्दल मतभेद आहेत. गोयंका गुरुजींच्या परंपरेत मोजत नाहीत, केवळ नाकपुडीपाशी जाणवणारा श्वास पाहतात. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाच्या शिबिरांतून आपल्या हजारो लोकांना आनापानसति शिकवली गेली, ती मात्र मोजणीपासून सुरू होते : आधी बाहेर जाणाऱ्या श्वासानंतर आकडा, मग आत येणाऱ्या श्वासाच्या आधी आकडा, मग आकडा सोडून देणे, आणि शेवटी श्वासाचा स्पर्श. ज्याने ज्या ठिकाणी शिकले त्याने तसे करावे. यावरून भांडणारे साधक आम्ही पाहिले आहेत; तेवढ्या वेळात दोनदा दहा मिनिटे झाली असती.

श्वास पाहवेना तेव्हा

एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमचे वडील गेले. शेवटचे दिवस आम्ही त्यांच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरकडे आणि छातीकडे पाहत काढले. श्वास आला, श्वास गेला. आयुष्यात एवढ्या एकाग्रतेने आम्ही श्वास कधी पाहिला नव्हता. त्यानंतर आसनावर बसून डोळे मिटले की तोच श्वास समोर येई आणि आमचाच दम कोंडू लागे. 'संकल्प आहे, बसलेच पाहिजे' म्हणून काही दिवस रेटून पाहिले. त्याने अधिक बिघडले.

विहारातील एका वडीलधाऱ्या उपासकांनी सांगितले, "श्वास सोड. चालताना पाय बघ." सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे असताना, बसताना, आडवे असताना जाणीव ठेवणे आलेलेच आहे. आम्ही तीन महिने केवळ विहाराच्या आवारात चाललो. उजवा पाय, डावा पाय. नंतर श्वास हळूहळू परत आला. म्हणून नव्या साधकांना सांगणे की, ज्यांना दम्याचा त्रास आहे, ज्यांच्या मनावर मोठा आघात झालेला आहे किंवा मानसिक आजाराचे औषध चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना आणि जाणत्या शिक्षकाला विचारून करावे. त्रास झाला तर थांबावे. त्यात धम्माचा काही अवमान होत नाही.

हिशेबनीस उ बा खिन

कचेरीतल्या माणसाला ध्यान कसे जमावे, असे जे म्हणतात त्यांच्यासाठी एक चरित्र. गोयंका गुरुजींचे आचार्य सयाजी उ बा खिन (१८९९-१९७१) हे भिक्षू नव्हते. ते रंगूनला महालेखापालांच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले, खात्याच्या परीक्षा देत वर चढले आणि ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. जानेवारी १९३७ मध्ये त्यांना आनापानाची ओळख झाली, आणि पुढे रंगूनजवळच्या खेड्यातील सया तेजी यांच्याकडे ते शिकले. सया तेजी शेतकरी होते. शेतकऱ्याने कारकुनाला शिकवले आणि कारकुनाने व्यापाऱ्याला. ही परंपरा आपल्या राहुरीसारख्या गावाला परकी वाटू नये.

उ बा खिन यांनी १९५० साली आपल्या कार्यालयातच कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ काढले. एकाच वेळी अनेक खात्यांचा भार सांभाळला. भाताच्या सरकारी खरेदीचे मंडळ त्यांच्याकडे सोपवले गेले तेव्हा तेथील गैरव्यवहार मोडताना अधिकाऱ्यांनी संप केला, तर खालच्या कर्मचाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी काम चालू ठेवले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब रंगूनला गेले होते, तेव्हा त्याच शहरात हा माणूस हिशेबाच्या वह्या आणि ध्यान दोन्ही सांभाळत होता.

डोळे मिटण्याचा प्रश्न

आमच्या विहारात एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत. नामांतराच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेले. त्यांनी आम्हाला सर्वांसमोर विचारले, "डोळे मिटून बसायला बाबासाहेबांनी दीक्षा दिली का? अन्याय उघड्या डोळ्यांनी दिसतो." प्रश्न खोचक असला तरी खोटा नव्हता. ध्यानाच्या नावाखाली चळवळीपासून दूर गेलेले, गावातल्या अत्याचाराच्या मोर्चाला 'आमचे चित्त अशांत होते' म्हणून न येणारे लोक आम्हीही पाहिले आहेत. त्यांच्या बाजूने आम्ही बोलणार नाही.

परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी दीक्षा झाली, तिच्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाची प्रतिज्ञा आहे आणि दहा पारमितांचीही आहे. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे. पारमितांत अधिट्ठान, म्हणजे ध्येय गाठेपर्यंतचा दृढनिश्चय, आहे. तेव्हा रोजच्या श्वासाचा हा संकल्प दीक्षेच्या बाहेरचा नाही. आणि आमच्या बाबतीत तरी अन्याय करणारा माणूस कोठे दूर नव्हता. तो २०१६ साली खिडकीच्या अलीकडच्या खुर्चीवर बसलेला होता. त्याच्यावर पहारा कोण ठेवणार? हे आम्ही त्या काकांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या पौर्णिमेला मागच्या भिंतीला टेकून बसले, डोळे उघडे ठेवून. आमची हरकत नाही. अर्धे उघडे डोळे तर बुद्धमूर्तीचेही असतात.

तथागतांनी सुत्तात अरण्य, झाडाचे मूळ किंवा रिकामे घर अशी जागा सांगितली आहे. आमचे घर दोन खोल्यांचे. सकाळी मिक्सर, शेजारचा टीव्ही, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवरची गाणी. रिकामे घर मिळणार नाही हे ओळखून आम्ही मंडळींना सांगून ठेवले की, दहा मिनिटे आम्ही घरात नाही असे समजा. त्या म्हणाल्या, "एरवी तरी कुठे असता!" आता त्याही बसतात, आमच्यापेक्षा नियमाने.

काउंटरवर मात्र आसन घालता येत नाही. तेथे आम्ही एवढेच करतो : एक ग्राहक गेला आणि दुसरा खिडकीशी आला की एक श्वास पाहायचा. एकच. बुद्धघोषांनी द्वारपालाचीही उपमा दिली आहे. नगरात कोण आहे, नगराबाहेर कोण आहे, याची तो चौकशी करीत नाही. वेशीत जो आला त्याच्याकडे पाहतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये 'माझी लाडकी बहीण' योजनेचे दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यांवर येऊ लागले आणि बँकेत पुन्हा रांगा लागल्या. या वेळी सगळ्या बायका. कोणाचे आधार जोडलेले नाही, कोणाचे भलत्याच बँकेला जोडलेले. एका बाईंनी त्या दुपारी पाचव्यांदा विचारले, "दादा, माझे पैशे आले का?" त्यांचे आधार दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याला जोडलेले होते, पैसे तिकडे गेले होते, आणि हे आम्ही चार वेळा सांगून झालो होतो. कान तापले. नेमके तेव्हा कळले की श्वास आखूड झाला आहे, वरच्या वर अडकतो आहे. आखूड आहे, हे कळले. एवढेच झाले. मग एका चिठ्ठीवर त्या बँकेचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले आणि म्हणालो, "मावशी, ही चिठ्ठी तिथल्या साहेबांना दाखवा. पासबुक नसले तरी आधारकार्ड घेऊन जा." त्या चिठ्ठी उलटसुलट पाहत म्हणाल्या, "आधीच आसं लिहून द्यायचं ना, दादा." खरे होते. त्यांना वाचता येत नव्हते आणि आम्ही चार वेळा तोंडाने बँकेचे लांबलचक नाव सांगितले होते. त्या दुपारनंतर खिडकीशी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवू लागलो.

त्याच सायंकाळी घरी मुलावर मोबाईलवरून ओरडलो. त्या वेळी श्वास वगैरे काही आठवला नाही. कॅलेंडरवर त्या दिवशी खूण आहे, कारण सकाळी बसलो होतो. खुणेला बाकीचे कळत नाही.

ज्यांना सुरुवात करावयाची आहे त्यांनी पौर्णिमेची वाट पाहू नये. उद्या सकाळी वंदना झाल्यावर पाठ सरळ ठेवून बसावे. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल. हात मांडीवर, डोळे हलके मिटलेले. नाकाच्या टोकाशी वारा लागतो तेथे लक्ष ठेवावे आणि दहापर्यंत मोजावे. बहुतेकांचे तीन-चारलाच सुटते. आमचे अजूनही सुटते. घड्याळाचा गजर लावून ठेवावा, म्हणजे दहा मिनिटे झाली का हे पाहण्यासाठी डोळे उघडावे लागत नाहीत. पहिला महिना दहाच्या वर जाऊ नये, कितीही गोडी वाटली तरी.

एकट्याने जमत नसेल त्यांच्यासाठी दर पौर्णिमेला सायंकाळी साडेसहाला विहारात सामुदायिक आनापान असते. अर्धा तास, त्यानंतर चहा. लहान मुलांना आणले तरी चालते, ती दहा मिनिटे बसतात आणि मग आवारात खेळतात. विहारात सतरंज्या आठच आहेत, म्हणून येताना घरून काहीतरी अंथरायला आणावे.